पाळण्यातलं परकं मूल

बाळ जन्मून पाच दिवस झाले की कोकणातल्या घरात पाचवी पुजतात. काही घरांत सहाव्या रात्रीला मान असतो. पाटा-वरवंटा धुऊन बाळंतिणीच्या खोलीत मांडायचा. तीच सटवाई. तिला हळदकुंकू वाहायचं, खण, विडा, खारीक-खोबरं ठेवायचं. शेजारी कोरा कागद आणि लेखणी, कारण त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. दिवा रात्रभर तेवता ठेवायचा. उशाखाली विळा किंवा कोयता, खोलीत धुरी, बाळाच्या मनगटाला वेखंड. घरातल्या बायकांनी आळीपाळीने जागं राहायचं आणि बाळ-बाळंतिणीला क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

चिपळूण तालुक्यातलं सावर्डे हे मुंबई-गोवा महामार्गावरचं बाजाराचं गाव. इथे कोकण रेल्वेचं स्थानक आहे, शाळा-महाविद्यालयं आहेत, जवळच्या डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. आता या भागातली बाळंतपणं दवाखान्यात होतात, तरी पाचवी चुकत नाही. आजी नातवाला लस टोचून घेते आणि घरी आल्यावर उशाखाली विळाही ठेवते. तिला या दोन्हींत काही विसंगत वाटत नाही.

तो विळा कोणासाठी असतो? १९१५ साली आर. ई. एंथोव्हेन यांनी कोकणातल्या लोकसमजुतींचं एक संकलन प्रसिद्ध केलं. त्याची मूळ सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवली होती. १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडलेले कलेक्टर ते हेच. जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवली आणि गावोगावच्या शाळामास्तरांनी आपापल्या गावातली उत्तरं लिहून धाडली. त्या उत्तरांत हडळ, जखीण, लावसट आहेत आणि बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत म्हणजे अळवंतही आहे. जिला स्वतःचं मूल पाहता आलं नाही, ती दुसरीच्या पाळण्याकडे येणार, ही त्यामागची भीती. दिवा, धूर, लोखंड आणि जागरण हे तिच्यासाठी.

सावर्ड्यापासून हजारो मैलांवर, आयर्लंड, वेल्स, स्वीडन आणि जर्मनीतल्या खेड्यांतही बाळंतिणीच्या खोलीत दिवा जळत असे, पाळण्यावर लोखंडी चिमटा किंवा कात्री ठेवत, आणि बाप्तिस्मा होईपर्यंत बाळाजवळ कोणीतरी जागत बसे. तिथली भीती मात्र वेगळी होती. चोर बाळ नेईल एवढ्यावर ती थांबत नव्हती. तो बाळ नेईल आणि त्या जागी हुबेहूब तसंच दिसणारं आपलं पोर ठेवून जाईल, असं तिथे मानत.

अंड्याच्या टरफलातला स्वयंपाक

युरोपातल्या या कथांमधले चोर म्हणजे पंख लावलेल्या चिमुकल्या पऱ्या नव्हेत. आयर्लंडच्या खेडुतांच्या कल्पनेत हे लोक जुन्या गढ्यांच्या आणि टेकड्यांच्या पोटात राहतात. त्यांची गुरं असतात, जत्रा असतात, भांडणं असतात. माणसांसारखेच ते दिसतात, फक्त एरवी दिसत नाहीत. स्वीडन-नॉर्वेत हीच भूमिका डोंगरातल्या ट्रोलांकडे आणि भूमिगत लोकांकडे आहे. त्यांना माणसाचं सुदृढ मूल हवं असतं. बदल्यात ते आपलं आजारी पोर ठेवतात, कधी आपल्यातला एखादा म्हातारा, तर कधी नुसता मंतरलेला लाकडाचा ओंडका.

बदललेलं मूल ओळखायचं कसं, याच्या खुणा देशोदेशी सारख्याच सांगितल्या आहेत. डोकं मोठं, हातपाय काटकुळे. सारखं रडतं. खाखा खातं आणि अंगी लागत नाही. चालायच्या वयात चालत नाही, बोलायच्या वयात बोलत नाही. चेहरा म्हाताऱ्याचा. आणि आई सांगते, कालपर्यंत माझं बाळ असं नव्हतं.

खात्री करून घेण्याची एक तऱ्हा आयर्लंडपासून जर्मनीपर्यंत आढळते. आयर्लंडमधली कथा टी. क्रॉफ्टन क्रोकर यांनी १८२५ मध्ये छापली. एका बाईचं गुटगुटीत, निळ्या डोळ्यांचं बाळ एका रात्रीत सुकून जातं आणि रडू लागतं. गावातली एक जाणती बाई तिला उपाय सांगते. मोठ्या भांड्यात पाणी उकळायला ठेव, डझनभर अंडी फोडून आतलं टाकून दे, टरफलं तेवढी त्या पाण्यात घाल. तोवर चुलीत सळई लालभडक होऊ दे. आई तसं करते. पाळण्यातलं पोर डोळे रोखून पाहत राहतं आणि शेवटी चक्क म्हाताऱ्याच्या आवाजात विचारतं, काय करतेस? टरफलांची दारू गाळतेय, असं ती सांगते. त्यावर ते टाळ्या पिटून ओरडतं की दीड हजार वर्षं या जगात काढली, पण असला प्रकार पाहिला नव्हता. सोंग उघडं पडतं. आई सळई घेऊन धावते, अडखळून पडते, सळई हातातून निसटते, आणि उठून पाहते तो पाळण्यात तिचं खरं बाळ गाढ झोपलेलं. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातही अशीच छोटी कथा आहे. तिथे दोन टरफलांत पाणी उकळतात, आणि पोर हसलं की भूमिगत लोक येऊन खरं मूल परत ठेवतात.

कथा गमतीची वाटते, पण तिच्यातली लाल सळई नजरेआड करता येत नाही. टरफलांचा उपाय सौम्य होता. तो फसला तर पुढचे उपाय ठरलेले होते. परक्या पोराला मारायचं, उपाशी ठेवायचं, उकिरड्यावर किंवा चव्हाट्यावर टाकायचं, तापलेल्या फावड्यावर बसवायचं, डिजिटॅलिससारख्या विषारी झाडाचा रस पाजायचा. आपल्या पोराचे हाल त्याच्या आईला पाहवणार नाहीत, ती धावत येईल, त्याला उचलून नेईल आणि आपलं मूल ठेवून जाईल, असा हिशोब होता.

या कथेतली सर्वांत भयंकर गोष्ट क्रौर्य नाही, आशा आहे. तुझं बाळ आजारी नाही, ते मेलेलंही नाही. ते कुठेतरी धडधाकट आहे आणि तू मन घट्ट केलंस तर ते परत येईल. असं ज्या आईला सांगितलं, तिच्या हातून तिच्याच मुलाचे हाल झाले ते त्याच्यावरच्या मायेपोटी.

जेव्हा कथा कोर्टात गेली

हे सगळं शेकोटीभोवतीच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण कागदोपत्री पुरावे उरले आहेत.

तेराव्या शतकात एतिएन द बूरबाँ हा डॉमिनिकन पंथाचा साधू फ्रान्समध्ये लिआँजवळच्या खेड्यांत पाखंड शोधत फिरत होता. तिथल्या बायका गिनफोर नावाच्या एका संताला नवस बोलतात, असं त्याच्या कानावर आलं. चौकशी केल्यावर कळलं की हा संत म्हणजे एक शिकारी कुत्रा आहे. मालकाच्या बाळाला सापापासून वाचवताना तो रक्ताने माखला, आणि यानेच बाळाला खाल्लं असं समजून मालकाने त्याला ठार केलं. मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नाही. पंचतंत्रातली ब्राह्मणी आणि तिचं मुंगूस यांचीच ही कथा, फक्त मुंगसाच्या जागी कुत्रा. त्या कुत्र्याच्या थडग्यापाशी आया आजारी मुलांना नेत, दोन झाडांच्या बुंध्यांमधून नऊ वेळा इकडून तिकडे देत आणि रानातल्या अदृश्य प्राण्यांना विनवत की हे तुमचं घ्या, आमचं द्या. मग बाळाला तिथे ठेवून काही वेळ दूर जात. एतिएनने ते थडगं उकरायला लावलं आणि झाडं तोडायला लावली.

सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जर्मनीतल्या डेसाऊ इथे बारा वर्षांच्या एका मुलाला पाहिलं. तो मुलगा खात असे आणि रडत असे, याशिवाय त्याला काही येत नव्हतं. हा बदललेला मुलगा आहे, याच्यात आत्मा नाही, नुसता मांसाचा गोळा आहे, याला नदीत टाका, असा सल्ला ल्यूथरने दिला. तिथल्या राजपुत्रांनी तो मानला नाही. युरोपचा इतिहास बदलणारा एवढा विद्वान माणूसही हे बोलून गेला, यावरून समजूत किती खोल रुजली होती ते कळतं. १६९० मध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटावर एका जोडप्यावर खटला चालला. त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या, वाढ खुंटलेल्या मुलाला नाताळच्या रात्री उकिरड्यावर ठेवलं होतं. ते मूल थंडीने गेलं.

आयर्लंडमध्ये एकोणिसावं शतक उजाडलं तरी हे थांबलं नव्हतं. १८२६ मध्ये झाडपाला देणाऱ्या अ‍ॅन रोश या म्हातारीने चार वर्षांच्या मुलाला ओळीने तीन सकाळी फ्लेस्क नदीत बुडवलं. त्या मुलाला उभं राहता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. ट्रॅली इथल्या कोर्टात तिने सांगितलं की मला मुलाला मारायचं नव्हतं, त्याच्यातलं परकं घालवायचं होतं. ती निर्दोष सुटली. १८८४ मध्ये क्लॉनमेल इथे हातापायांत बळ नसलेल्या तीन वर्षांच्या मुलाला दोन बायकांनी तापलेल्या फावड्यावर ठेवलं.

आणि मग १८९५. टिपररी परगण्यातल्या बॅलिवॅडली गावात ब्रिजेट क्लीअरी ही २६ वर्षांची बाई राहत होती. ती शिवणकाम करायची, घरी शिवणयंत्र होतं, हाती स्वतःची कमाई होती. मार्चच्या आरंभी ती तापाने आणि खोकल्याने अंथरुणाला खिळली. ही माझी बायको नव्हे, हिच्या जागी कोणी दुसरीच आली आहे, असं नवरा मायकेल म्हणू लागला. नातेवाइकांनी तिला धरून ठेवलं, झाडपाला घातलेलं दूध बळेच पाजलं, चुलीतल्या विस्तवासमोर धरून तिचं नाव वदवून घेतलं. १५ मार्चच्या रात्री नवऱ्याने तिला जाळलं. त्यानंतरच्या रात्री तो जवळच्या जुन्या गढीपाशी काळ्या मुठीची सुरी घेऊन वाट पाहत बसला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल आणि तिला आपण सोडवू, असा त्याचा विश्वास होता, किंवा त्याने तसं सांगितलं. २२ मार्चला उथळ खड्ड्यात तिचं प्रेत सापडलं. मायकेलला वीस वर्षांची सक्तमजुरी झाली आणि १९१० मध्ये तो सुटला. लोकांनी जिला परकी ठरवलं ती ब्रिजेट मूल नव्हती. वेगळं वागणाऱ्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईवरही ही कथा चालवता येते, हे या खटल्याने दाखवलं.

आपल्याकडची जातहारिणी

बाळ बदललं जाण्याची कल्पना आपल्याकडे नाहीच, असं समजायचं कारण नाही. कृष्णजन्माची कथा प्रत्येक घरात माहीत आहे. भर पावसात वसुदेव कृष्णाला गोकुळात नेतो आणि यशोदेची मुलगी घेऊन परततो. पण ती अदलाबदल बाळाला वाचवण्यासाठी बापाने केलेली. युरोपातल्या कथेशी थेट नातं आहे ते मार्कंडेय पुराणातल्या जातहारिणीचं.

या पुराणात सूतिकागृहाचे नियम आले आहेत. ज्या खोलीत अग्नी नाही, पाणी नाही, धूप नाही, दिवा नाही, शस्त्र आणि मुसळ नाही, राख आणि मोहरी नाही, त्या खोलीत जातहारिणी शिरते, नवजात बाळ पळवते आणि तत्क्षणी स्वतः प्रसवून आपलं पोर तिथे टाकून जाते. पाचवीच्या खोलीतली मांडणी आणि आयरिश पाळण्यावरचा चिमटा, दोन्ही या एका वर्णनात भेटतात.

याच पुराणात चाक्षुष मनूची कथा आहे. तान्हं बाळ आईच्या कुशीत हसतं. आई दचकते. पूर्वजन्म आठवणारं ते बाळ सांगतं की समोर मांजर मला खायला टपलं आहे, अदृश्य जातहारिणीही टपली आहे, आणि तुझ्या मायेतही तुझा हेतू आहेच. आई दुखावते आणि खोलीबाहेर जाते. त्याच क्षणी जातहारिणी त्याला उचलते आणि विक्रांत राजाच्या राणीच्या शेजेवर नेऊन ठेवते. राजाचं बाळ ती बोध नावाच्या ब्राह्मणाच्या घरी ठेवते आणि त्या ब्राह्मणाचं बाळ खाऊन टाकते. राजाकडे वाढलेल्या मुलाचं नाव आनंद. मुंजीत गुरू त्याला आईला नमस्कार करायला सांगतात तेव्हा तो विचारतो, कोणत्या आईला, जन्म दिला तिला की वाढवलं तिला? मग तो सगळी हकिकत सांगतो. राजा आपला मुलगा बोधाच्या घरून आणवतो. आनंद तपाला निघून जातो आणि पुढे सहावा मनू होतो.

या कथेत बदललेल्या मुलाचा छळ कोणी करत नाही. सत्य कळल्यावर राजा त्याला हाकलत नाही, बोध ब्राह्मणानेही परक्या मुलाला आपलं म्हणूनच वाढवलेलं असतं. आणि बदललेलं मूल कुरूप, मंद, अधाशी नाही. ते घरातलं सर्वांत शहाणं आहे.

बाळ पळवणाऱ्या देवतेला आपल्या परंपरेने बहुधा घरात घेऊन शांत केलं. महाभारतात जरा नावाची राक्षसी जरासंधाची दोन शकलं सांधते, आणि घराच्या भिंतीवर मुलाबाळांसह तिचं चित्र काढून पूजा करावी, असं तिथे सांगितलं आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात हारीतीचं देवघर आहे. राजगृहातली मुलं खाणाऱ्या या यक्षिणीचं धाकटं पोर बुद्धाने लपवलं, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं आणि ती मुलांची राखण करू लागली. सटवाईही अशीच दुहेरी आहे. झोपेत बाळ हसलं की सटवाई हसवते, ओठ काढून रडलं की तीच रडवते. इरावती कर्व्यांनी १९५० मध्ये एक मराठी लोककथा प्रसिद्ध केली. तिच्यात सटवाईची स्वतःची मुलगी आईला आपलं नशीब विचारते. ऐकलेलं टाळायला ती रानात जाऊन राहते, तरी लिहिलेलं घडतंच. लिहिणारीलाही लेख पुसता येत नाही.

उकिरड्याचं उदाहरण तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. युरोपात परकं ठरलेलं मूल उकिरड्यावर टाकत, ते कोणी घेऊन जावं म्हणून. महाराष्ट्रातही मुलं उकिरड्यावर ठेवत, पण उलट कारणाने. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे नव्या बाळाला क्षणभर उकिरड्यावर किंवा सुपात ठेवायचं, कोणाकडून तरी मूठभर धान्याला विकत घ्यायचं, आणि केरू, उकर्डा, धोंडू, दगडू, भिकाजी असं नाव ठेवायचं. हे टाकाऊ आहे, याच्यावर नजर टाकू नका, असं मृत्यूला सांगायचं आणि बाळ उराशी धरायचं. कोकणातल्या जुन्या वंशावळींत धोंडू आणि भिकाजी जागोजागी भेटतात. त्यांतल्या कित्येक नावांमागे आधी गेलेली भावंडं आहेत.

त्या बाळांना झालं काय होतं?

पाचव्या-सहाव्या रात्रीची भीती उगाच नव्हती. विळीने किंवा विळ्याने नाळ कापायची, वर राख लावायची, अशी रीत होती, आणि त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरत. नवजात बाळाच्या धनुर्वाताची लक्षणं बहुतेक वेळा जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत दिसतात, साधारण आठवडाभरात. आधी छान दूध पिणारं बाळ अचानक तोंड मिटतं, त्याचं अंग ताठतं, चेहरा वेडावल्यासारखा होतो आणि ते जातं. कालचं बाळ आज वेगळं होतं, हे आईने डोळ्यांनी पाहिलेलं असे. राखणीला ठेवलेला विळाच कित्येकदा मारेकरी होता. गरोदरपणीची धनुर्वाताची लस आणि निर्जंतुक ब्लेडने कापलेली नाळ यांनी हे चित्र पालटलं. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. त्याचा अर्थ, प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्कंद, शकुनी, रेवती, पूतना, नैगमेष असे नऊ बालग्रह आणि त्यांची लक्षणं दिली आहेत. स्कंदापस्माराचं वर्णन, म्हणजे शुद्ध हरपणं, तोंडाला फेस, हातपाय झाडणं, वाचताना आजच्या डॉक्टरला आकडी आठवेल. कारण ग्रहाचं सांगितलं असलं तरी निरीक्षण खरं होतं.

युरोपातल्या परक्या मुलांच्या वर्णनांकडे सूझन स्कून एबर्ली यांनी १९८८ मध्ये याच नजरेने पाहिलं आणि त्या वर्णनांत जन्मजात व्याधींच्या खुणा शोधल्या. कुपोषणाने सुकलेल्या बाळाच्या गालांवरची चरबी जाते आणि चेहरा खरोखर म्हाताऱ्यासारखा दिसतो. मुडदुसाने हातपाय वाकतात, डोकं मोठं वाटतं. काही मुलं दीड-दोन वर्षांपर्यंत बोलतात आणि मग गप्प होतात, नजर देत नाहीत. आज आपण त्याला स्वमग्नता म्हणतो. आणि बाळंतपणानंतर काही बायकांच्या मनाचा तोल जातो. हे बाळ माझं नाही असं त्यांना खरंच वाटतं. तेव्हा उपचार आईला हवे असतात.

थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नसेल तर बाळ फार शांत असतं. पुष्कळ झोपतं, रडत नाही, दूध ओढायला आळसतं. घरचे कौतुकाने गुणी बाळ म्हणतात. मग हळूहळू जीभ बाहेर येते, आवाज घोगरा होतो, पोट सुटतं आणि बुद्धीची वाढ खुंटते. भारतात साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची छोटी गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं.

अशीच एक हकिकत नॉर्वेतली, म्हणजे ट्रोलांनी बाळं बदलल्याच्या कथा जिथे घरोघर सांगत त्याच देशातली. बोर्गनी एगेलांड या बाईची लिव आणि दाग ही दोन्ही मुलं जन्मतः सुदृढ होती, आणि दोघांचीही बुद्धी वाढेना. त्यांच्या अंगाला एक विचित्र वास येई. डॉक्टर म्हणत, काही नाही. ती ऐकेना. १९३४ मध्ये ती आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातलं आणि ती हिरवी झाली. त्या रंगाचा माग काढत ते एका आम्लापर्यंत पोहोचले. फेनिलअ‍ॅलॅनिन हा अन्नातला घटक या मुलांच्या शरीरात पचत नव्हता आणि साठून मेंदूला इजा करत होता. फेनिलकीटोन्युरिया हा तो आजार. तिच्या मुलांना त्याचा फायदा झाला नाही, उशीर झाला होता. पण १९५० च्या दशकात हॉर्स्ट बिकेल यांनी त्यावरचा आहार तयार केला आणि १९६० च्या सुमारास रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर चाचणी शोधली. त्यातून जगभर नवजात तपासणी सुरू झाली. बोर्गनीलाही दिसलं होतं की आपलं बाळ होतं तसं राहिलेलं नाही. तिने त्याला परकं म्हटलं नाही, कारण विचारलं.

दोष कोणाच्या दारात?

मूल का सुकलं, याचं उत्तर प्रत्येक कथा देते, आणि त्या उत्तरात दोष कोणाचा तेही ठरून जातं. युरोपातल्या कथेने दोष मुलाच्या अंगावर टाकला. हे आपलं नाहीच, म्हटलं की हात सैल होतो. त्याची शिक्षा मुलांनी भोगली.

आपल्या कथांनी मुलाला परकं केलं नाही, याचा अभिमान जरूर बाळगावा, पण तिथे थांबू नये. आपल्याकडे दोष बाईच्या दारात गेला. काश्यपसंहितेत जातहारिणी कोणत्या बाईला ग्रासते याची यादी आहे आणि ती बाईच्या आचाराचे दोष मोजते. मूल गेलं तर सून पांढऱ्या पायाची, शेजारची निपुत्रिक बाई चेटकी, तिची नजर लागली. अशा आरोपांनी किती बायका गावाबाहेर गेल्या, मार खाऊन मेल्या, त्याची मोजदाद झालेली नाही. आणि जिथे बाईचाही दोष सापडत नाही तिथे सटवाईने लिहिलं होतं, म्हणून हात जोडायचे. नशीब ऐकून मन शांत होतं, पण दवाखान्याची वाट चुकते. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याने डागण्याचे प्रकार या शतकातही उघड झाले आहेत. आयर्लंडचं तापलेलं फावडं आपल्यापासून फार दूर नाही.

म्हणूनच २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा महत्त्वाचा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं, एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणं हे त्यामुळे गुन्हे ठरले. पाचवीची पूजा करायला हा कायदा हरकत घेत नाही. तो फक्त एवढंच पाहतो की कथेच्या नावाने कोणाच्या अंगाला हात लागू नये.

स्वीडनच्या सेल्मा लागरलॉफ यांनी १९१५ मध्ये याच लोककथेवरून एक गोष्ट लिहिली. ट्रोलांनी मूल पळवलेल्या एका शेतकऱ्याच्या बायकोला परक्या पोराची किळस येते, तरी ती त्याला मारू देत नाही. नवरा ते दरीत फेकू पाहतो, आगीत टाकू पाहतो. दर वेळी ती आड येते आणि नवऱ्याचं प्रेम गमावते. शेवटी खरा मुलगा परततो तेव्हा कळतं की तिने परक्याला जसं वागवलं तसंच तिकडे ट्रोलीणबाईने तिच्या मुलाला वागवलं. तिने त्याला वाचवलं, म्हणून हा वाचला. शेकडो वर्षं लोक उलट सांगत आले होते. लागरलॉफ यांनी त्याच कथेतून माया हाच उपाय काढून दाखवला.

पण माया एकटी पुरत नाही. बोर्गनीची मायाही अपुरी पडली, कारण उत्तर उशिरा आलं. आज उत्तर वेळेवर मिळवण्याची सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर यांसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात मोफत तपासणी होते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत. शेजारच्या गोव्याने २००८ मध्येच नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा राज्यव्यापी प्रयोग केला. थायरॉइडची चाचणी अजून आपल्याकडे प्रत्येक बाळाची आपोआप होत नाही. म्हणून आईबापांनी ती मागून घ्यावी. बाळ फार झोपतंय, दूध ओढत नाही, नजर देत नाही, मान धरत नाही, असं वाटलं तर होईल हळूहळू म्हणत बसू नये. आशाताईंना सांगावं आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि ज्या मुलाचा दोष गोळीने किंवा आहाराने जाणारा नसेल, जे कायम वेगळंच राहणार असेल, त्याच्यासाठी ल्यूथरला नकार देणाऱ्या राजपुत्रांचं उत्तर आजही पुरेसं आहे. हे मूल याच घरचं आहे. पाचवीला बायका आळीपाळीने जागतात. घरातल्या एकट्या आईवर तो भार नसतो. अशा मुलाच्या राखणीलाही वर्षानुवर्षं तेवढीच माणसं लागतील, आणि ती पुरवणं हे घराचं, गावाचं आणि सरकारचं काम आहे.